हुद्द्याआधीचं काम

निवडणूक लागली की सातारा-सांगलीच्या गावांत उमेदवारांची परिचयपत्रकं घरोघर येतात. वरच्या ओळीत घराण्यातल्या थोरांची छायाचित्रं, मधे हात जोडलेला उमेदवार, खाली मजकूर: समाजसेवेचा वारसा, गोरगरिबांचा आधार, युवकांचं आशास्थान. मागच्या बाजूला कामांची यादी असते. त्यात रक्तदान शिबिर, नेत्रतपासणी, वह्यावाटप, देवदर्शनाच्या सहली, कबड्डीच्या स्पर्धा असं बरंच काही. यातलं फारसं काही खोटं नसतं. शिबिरं झालेली असतात, वह्या मिळालेल्या असतात. तरीही हे पत्रक वाचून त्या माणसाविषयी काहीच कळत नाही. तो कुणाचा कोण हे कळतं आणि त्याने काय वाटलं हे कळतं. पण हातात काहीही नव्हतं तेव्हा तो काय करत होता, आणि त्याने जे केलं त्यातून लोक स्वतःच्या बळावर उभे राहिले का, हे दोन प्रश्न तसेच राहतात. लोकप्रतिनिधीची पार्श्वभूमी आणि त्याची सेवा यांची पारख याच दोन प्रश्नांनी व्हावी, असं माझं ठाम मत आहे. ही अपेक्षा मी बाहेरून आणलेली नाही. ती याच दोन जिल्ह्यांनी स्वतः घालून दिली आहे.

हे जिल्हे आज वेगळे असले तरी त्यांची राजकीय कहाणी एकच आहे. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके ब्रिटिश अमलात साताऱ्यातच होते. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली जिल्हा हे नाव मिळालं. त्यामुळे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगलीत येतं आणि त्यांचं कराड साताऱ्यात. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र सांगलीत येतं, पण त्यांना लोकसभेत पाठवलं साताऱ्याने.

नाना पाटील तलाठी होते. कुणब्याच्या मुलाच्या हाती तलाठ्याचं दप्तर येणं ही त्या काळात घराला वर काढणारी गोष्ट होती. ती नोकरी त्यांनी १९३० च्या कायदेभंगाच्या लढ्यात सोडली. पुढे १९४३ ते १९४६ या काळात त्यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिशांना डावलून गावोगाव जे प्रतिसरकार चाललं, त्याच्या शौर्यकथा आपण पुष्कळ सांगतो. शेणोलीजवळ लुटलेली पगाराची गाडी, धुळ्याचा खजिना, कुंडलची तुफान सेना या गोष्टी शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. मला त्यातला कारभाराचा भाग अधिक मोलाचा वाटतो. गावोगाव न्यायदान मंडळं होती. जमिनीचे तंटे, नवऱ्याने टाकलेल्या बाईची तक्रार, सावकाराने दाबलेली जमीन, हे सारं तिथे मिटवलं जाई. दारूबंदी होती, आणि थोडक्या खर्चात लग्न लावायची पद्धत होती. त्या पद्धतीने कित्येक घरं कर्जातून वाचली.

हे सरकार टिकलं त्यामागचं कारण नीट पाहण्यासारखं आहे. त्याचा नेता भूमिगत होता, त्याच्या डोक्यावर इनाम होतं. एका गावात फार मुक्काम करणं त्याला परवडणारं नव्हतं. म्हणजे रोजचा निवाडा त्याच्यावर सोपवून चालणारच नव्हता. तो गावातल्या पंचांनाच करावा लागला. माणसं तो करता करता शिकली. नेता हाताशी नसल्यामुळे लोक कारभारी झाले, असं मला वाटतं. आजच्या पुढाऱ्याला प्रत्येक बारशाला, लग्नाला आणि सावडण्याला हजर राहावं लागतं, तेव्हा ही उलटी बाजू डोळ्यांपुढे येते. प्रतिसरकारचं सगळंच मला मान्य आहे असं नाही. तळपायावर फटके मारायची शिक्षा क्रूर होती, आणि लपूनछपून चालणाऱ्या न्यायात ज्याच्यावर अन्याय झाला त्याला दाद मागायला जागा नसते. पण गावच्या माणसांना कारभार झेपतो हे त्या तीन वर्षांनी सिद्ध केलं, आणि ते पुन्हा कुणाला खोडता आलं नाही.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत झाली. साताऱ्याने नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून दिल्लीला पाठवलं आणि त्याच वेळी कराडने, थोड्याच मतांनी का होईना, काँग्रेसच्या यशवंतरावांना विधानसभेत राखलं. पक्ष एकमेकांच्या विरोधात, प्रश्न एकच पेटलेला, तरी दोघेही निवडून आले. मला यात मतदाराचा गोंधळ दिसत नाही. दोघांनी खुर्चीआधी काय केलं होतं ते या लोकांनी जवळून पाहिलं होतं. यशवंतरावांचे वडील लहानपणीच गेले, आईने कष्टाने वाढवलं, आणि १९३२ मध्ये शाळकरी वयात झेंडा लावल्याबद्दल ते तुरुंगात गेले. त्यांच्या घराण्याचं नाव कुणाला सांगावं असं काही नव्हतं. जे होतं ते त्यांनी स्वतः जमवलेलं होतं.

वसंतदादा पाटलांचं शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. २४ जुलै १९४३ ला सांगलीच्या तुरुंगातून साथीदारांसह ते निसटले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव मारले गेले आणि दादांना गोळी लागली. स्वातंत्र्यानंतर या माणसाने सांगलीत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याआधी ऊस लावणारा शेतकरी गुऱ्हाळावर गूळ करायचा आणि अडत्याच्या दारात भावाची वाट बघायचा. आपल्याच शेअरच्या पैशातून कारखाना उभा राहतो, आपणच संचालक निवडतो आणि सर्वसाधारण सभेत अध्यक्षाला उभं करून हिशेब विचारू शकतो, हा अनुभव त्या शेतकऱ्याला नवा होता. वाळव्यात राजारामबापू पाटलांनी, वाई-भुईंजकडे किसन वीरांनी, पाटणला बाळासाहेब देसाईंनी हेच काम आपापल्या परीने केलं. या सगळ्यांचं ऋण मानायला मला संकोच वाटत नाही. कारखान्याबरोबर शाळा आल्या, महाविद्यालयं आली, उपसा सिंचनाच्या संस्था आल्या, आणि ज्या घरात पाटी नव्हती तिथे इंजिनिअर झाले.

पण इथेच ती गाठ बसली जी अजून सुटलेली नाही. कारखाना उसाचा दर ठरवतो हे सर्वांना दिसतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तोड कधी मिळणार हेही तोच ठरवतो. ऊस वेळेत तुटला नाही तर वजन घटतं, तुरे येतात, पुढचं पीक लांबतं. टोळी कुणाच्या रानात आधी उतरवायची हे कारखान्याच्या चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या, वहीत लिहिलेलं असतं, आणि ती वही अखेर कुणाच्या शब्दावर हलते हे गावाला माहीत असतं. मुलाची नोकरी त्याच संस्थेत, मुलीचा प्रवेश त्याच महाविद्यालयात, कर्ज त्याच बँकेत. सर्वसाधारण सभेत उठून प्रश्न विचारणाऱ्याला एवढं सगळं पणाला लावावं लागतं. मयत सभासदांच्या वारसांची नोंद वर्षानुवर्षं रखडते आणि मतदारयादी आहे तशी राहते. अशा रीतीने लोकांना अडत्याच्या दारातून सोडवायला जी संस्था निघाली, तिच्याच दारात ते पुन्हा उभे राहिले. संस्थापकाच्या हयातीत हे खपून जाई, कारण त्याने गोळी खाल्लेली होती, पायपीट केलेली होती, आणि लोक त्याला भर बाजारात चार शब्द सुनावू शकत होते. पुढच्या पिढीला संस्था आयती मिळाली, ती पायपीट मिळाली नाही.

आज सांगलीचे खासदार वसंतदादांचे नातू आहेत. वाळव्याचं राजकारण १९९० पासून राजारामबापूंच्या मुलाभोवती फिरतं, पाटणचं बाळासाहेब देसाईंच्या नातवाभोवती, आणि दिवंगत नेते पतंगराव कदमांच्या जागी त्यांचे चिरंजीव आहेत. यांतल्या कुणालाही मी नालायक म्हणणार नाही. लोकांनी मतं देऊन त्यांना निवडलं आहे आणि काहींनी कामंही चांगली केली आहेत. माझा आक्षेप पारखण्याच्या पद्धतीवर आहे. आजोबांनी खुर्चीआधी केलेलं काम नातवाच्या परिचयपत्रकात त्याची पार्श्वभूमी म्हणून छापलं जातं आणि आपण ते खपवून घेतो. दरम्यान दादांनी उभारलेला सांगलीचा कारखाना भाडेतत्त्वावर खासगी कंपनीकडे गेला, आणि दुष्काळी भागातले आटपाडीचा माणगंगा, कवठेमहांकाळचा महांकाली हे कारखाने कित्येक हंगाम बंद राहिले. वारसा टिकला, ज्याचा वारसा सांगायचा ते मोडलं.

म्हणूनच आर. आर. पाटलांकडे मला पुनःपुन्हा यावंसं वाटतं. तासगाव तालुक्यातलं अंजनी हे त्यांचं गाव, जन्म १६ ऑगस्ट १९५७ चा. घरची गरिबी. प्राचार्य पी. बी. पाटलांच्या सांगलीतल्या शांतिनिकेतनात कमवत शिकले, पुढे वकिलीची पदवी घेतली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात कमवा आणि शिका हा धडा आधीच घालून दिला होता, त्या मातीतलंच हे शिक्षण. १९७९ मध्ये, वयाच्या बाविशीत, ते सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेले आणि १९९० पर्यंत तिथे राहिले. मागे कारखाना नव्हता, शिक्षणसंस्था नव्हती. अकरा वर्षं रस्ता, शाळा, विहीर, पाझर तलाव यांच्या फायली कशा हलतात आणि कुठे अडतात हे त्यांनी टेबलाटेबलावर पाहिलं. १९९० मध्ये आमदार झाले ते अखेरपर्यंत आमदार राहिले.

ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं, ते या अनुभवातूनच आलं होतं. त्याआधी सरकार शौचालयाला अनुदान देई, शौचालयं बांधली जात आणि त्यांत सरपण नाही तर गवऱ्या भरल्या जात. या अभियानाने क्रम उलटा केला. आधी गावाने आपल्या हातांनी गाव झाडायचं, गटारं काढायची, शोषखड्डे घ्यायचे, मग तपासणी समिती येणार, मग बक्षीस. सरकार आधी काहीच देणार नाही, असं सांगणारा मंत्री लोकांना आवडेल असं कुणालाही वाटलं नसतं. पण गावं उठली. बायकांनी हातात झाडू घेतले, मास्तर आणि ग्रामसेवक पहाटे बाहेर पडले, वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे गट एका गटारात उतरले. केंद्राची २००३ ची निर्मल ग्राम पुरस्कार योजना याच वाटेने आली. सगळी गावं स्वच्छ राहिली का? नाही. समिती येऊन गेली की पुष्कळ ठिकाणी उकिरडे परत जागेवर आले. तरी एखाद्या मंत्र्याने लोकांपुढे हात पसरावा आणि लोकांनी त्याच्या हातावर आपले कष्ट ठेवावेत, असं मला त्यानंतर फारसं दिसलेलं नाही.

गृहमंत्री म्हणून त्यांचा हिशेब इतका सरळ नाही. २००५ ची डान्सबार बंदी चांगल्या हेतूने आली असेल, पण तिने हजारो बायकांची रोजीरोटी बंद केली आणि त्यांच्यासाठी दुसरी सोय उभी राहिली नाही. ती बंदी उच्च न्यायालयाने रद्द ठरवली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर त्यांच्या तोंडून निघालेलं, हल्ल्याला किरकोळ लेखणारं वाक्य त्या वेळी अक्षम्य होतं, आणि १ डिसेंबरला त्यांना पद सोडावं लागलं. मला यातून एक गोष्ट दिसते. जिथे ते लोकांच्या हाताला काम देत होते तिथे ते मोठे झाले, आणि जिथे फक्त हुकूम काढायचा होता तिथे अडखळले. २००७ मध्ये आलेली तंटामुक्त गाव मोहीम यशस्वी झाली तीही त्यामुळेच. भांडण गावाने मिटवायचं होतं, पोलिसांनी कागद करायचा होता. न्यायदान मंडळांच्या मुलखातल्या माणसाला ही कल्पना सुचावी यात नवल नाही.

१६ फेब्रुवारी २०१५ ला आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा, गेले. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी निवडून आल्या आणि २०२४ मध्ये त्यांचा पंचविशीतला मुलगा आमदार झाला. ज्याला घराणं नव्हतं त्याचंच घराणं झालं. मी हे कुणाला दुखवायला लिहीत नाही, तासगावकरांचं आबांवरचं प्रेम खरं आहे. पण सावळज गटात अकरा वर्षं काढण्याची संधी पुढच्या मुलामुलींना मिळते का, हे विचारणं त्या प्रेमाशी प्रतारणा ठरत नाही.

वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. प्रतिसरकारमधून आलेल्या या माणसाने पुढे वाळव्यात साखर कारखाना काढला आणि त्याला आपल्या घरातलं नाव न देता, फेब्रुवारी १९४६ मध्ये मणदूरच्या चकमकीत पडलेल्या किसन अहिर यांचं नाव दिलं. काटकसरीच्या कारभारासाठी आणि उसाच्या चढ्या दरासाठी तो नावाजला गेला. ते आमदार झाले, पण आमदारकी ही त्यांची ओळख कधीच नव्हती. १९९३ मध्ये त्यांनी आटपाडीत पाणी परिषद भरवली. सोबत चळवळीतले भारत पाटणकर आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतल्या १३ दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळालं पाहिजे, ही मागणी. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेल्या हिश्श्याचं पाणी मे २००० पर्यंत अडवायचं होतं आणि सरकारचा वेग पाहता ते जमणार नव्हतं. परिषदा, मोर्चे, धरणी यांचा दबाव वाढत गेला, कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ मध्ये झालं, ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजना पुढे सरकल्या. आज कराडजवळून उचललेलं पाणी आटपाडीच्या माळावर पोचतं, त्यात या लढ्याचा वाटा मोठा आहे.

या लढ्यात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती त्यातली वाटपाची अट. पाणी एकराच्या हिशेबाने न देता प्रत्येक कुटुंबाला समान द्यावं, भूमिहीनालाही त्याचा वाटा असावा, असा आग्रह होता. त्याची चाचणी खानापूर तालुक्यात बलवडीच्या बळीराजा धरणावर आधीच झाली होती. येरळेतली वाळू विकून आणि श्रमदानातून लोकांनी १९८० च्या दशकात ते बांधलं आणि पाण्याचा वाटा आधी ठरवून घेतला. नागनाथअण्णांचं गाव कृष्णाकाठचं, बागायती. आटपाडीचा दुष्काळ त्यांच्या मतदारसंघात येत नव्हता. सत्तरी ओलांडलेला माणूस ज्यांची मतं आपल्याला मिळणार नाहीत अशा लोकांच्या पाण्यासाठी उन्हातान्हात फिरत राहिला, तेव्हा त्याच्या सेवेला दुसऱ्या कोणत्या पुराव्याची गरज उरत नाही. त्यांच्या मागे संस्थांची धुरा त्यांच्याही घरातच राहिली हे खरं आहे, आणि त्याला वरचेच प्रश्न लागू होतात.

यावर मला नेहमी एक उत्तर ऐकू येतं: तत्त्वाच्या गोष्टी ठीक आहेत, पण रात्री दोन वाजता मिरजेच्या दवाखान्यात बाप अतिदक्षता विभागात असतो तेव्हा आमदाराच्या माणसाचा फोनच कामाला येतो. हे उत्तर हलकं घ्यायचं नाही. मिरज हे पिढ्यान्‌पिढ्या या भागाचं आणि सीमेपलीकडच्या लोकांचंही दवाखान्यांचं गाव आहे, आणि तिथे खाट मिळवून देणाऱ्या कार्यकर्त्याचे उपकार घरं विसरत नाहीत. त्या कार्यकर्त्याची धडपड खरी असते, त्याची झोप खरोखर मोडलेली असते. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना नियमानेच त्या रुग्णाची आहे. तिच्यासाठी फोन लागतो, याचा अर्थ त्याचा हक्क कुणीतरी अडवून धरला आहे. ज्याला त्या रुग्णाची खरी काळजी आहे त्याने फोन जरूर करावा, आणि दुसऱ्या दिवशी फोन का लागला हे विधानसभेत विचारावं. फक्त पहिलं केलं तर पुढच्या रुग्णालाही फोनच लागणार, आणि पुढाऱ्याचं महत्त्व त्या फोनाइतकंच राहणार.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात हेच दिसलं. पाणी ओसरल्यावर किटांचे ट्रक आले, त्यांवर नावं होती, छायाचित्रं निघाली. ती मदत लागणारच होती. पण पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. तिथली उणीव त्या ट्रकांनी भरून निघणारी नव्हती. नदीकाठच्या गावात किती बोटी, किती जॅकेटं, बोट चालवणारे शिकलेले हात किती, पाणी कोणत्या पातळीला आलं की गाव हलवायचं, हे काम कोरड्या महिन्यांत करावं लागतं. त्याचं उद्घाटन होत नाही. ते केलेला सरपंच निवडणुकीत हरू शकतो. तरीही मला असाच सरपंच हवा आहे.

अशी माणसं घडायची जागा म्हणजे जिल्हा परिषद आणि पंचायत समिती. यशवंतराव मुख्यमंत्री असताना १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामीण महाराष्ट्रातली अनेक मोठी माणसं तिथूनच वर आली. सातारा-सांगलीच्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षामागून वर्षं प्रशासकांचा कारभार चालला. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे मान्य, पण एकाही मोठ्या नेत्याने यासाठी जिवाचं रान केलं नाही. मला हे फार लागलं. विशीतल्या एखाद्या आर. आर. पाटलाला त्या वर्षांत उभं राहायला जागाच नव्हती. घराण्यातल्या मुलाला जागेची वाट पाहावी लागत नाही, त्याच्यासाठी कारखान्याचं संचालकपद तयार असतं. निवडणुका लांबतात तेव्हा नुकसान फक्त बिनघराण्याच्या माणसाचं होतं.

आणि अशी माणसं आज नाहीत हे मला पटत नाही. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने २०१६ मध्ये जलसंधारणाच्या स्पर्धेतला पहिला वॉटर कप जिंकला, माण तालुक्यातल्या टाकेवाडीने २०१८ मध्ये. भर उन्हाळ्यात पहाटे कुदळ-पाटी घेऊन माळावर चढलेली माणसं कुणाच्या सांगण्यावरून चढली? गावातल्याच चार-दोघांनी घरोघर जाऊन विनवणी केली होती, तरुण पोरांनी चर आखून दिले होते, बचत गटाच्या बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. करोनाच्या काळात आशाताई वस्तीवस्तीवर फिरत होत्या तेव्हा त्यांच्यापाशी ना गाडी होती ना फलक. जिल्हा परिषदेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि त्या जागांवर पुढाऱ्याच्या घरातली सून उभी करण्याआधी या बायकांची नावं कुणी घेत नाही.

उमेदवाराने मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे गेल्या वीस वर्षांत रूढ झालं. त्यात कामाचा रकाना नाही, आणि तो कायद्याने घालताही येणार नाही. तो ग्रामसभेने घालायचा आहे. पद नसताना काय केलंत, कुणाबरोबर केलंत, ते आज तुमच्याशिवाय चालतं का, आणि त्याचा हिशेब कुठे मांडलात, हे उमेदवाराला चावडीवर उभं करून विचारावं, आणि उत्तर लिहून घ्यावं. पक्षांनीही तेच विचारावं. तालुक्याच्या विश्रामगृहावर इच्छुकांच्या मुलाखती होतात तेव्हा खर्च किती करणार हा प्रश्न आधी येतो, हे सगळे जाणतात. टाकेवाडीच्या माळावर चर खोदलेल्या मुलीला त्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही. तिला दुसरा प्रश्न विचारला गेला तर मात्र तिच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आहे.